पाहुण्याची नोंद

माझी मावशी बंदर कचेरीत एकतीस वर्षं कारकून होती, आणि त्यातली सव्वीस वर्षं तिने अशा एका प्राण्याची नोंद ठेवली, जो तिला स्वतःला एकदाही दिसला नाही. आमच्या समुद्रात एक भलामोठा साप आहे, असं पणजोबांच्या वेळेपासून सांगतात. पण त्याला कुणी साप म्हणत नाही. सगळे 'पाहुणा' म्हणतात, कारण तो कधी येणार, किती थांबणार आणि कुठे जाणार याचा कुणालाच पत्ता नसतो. 'आज पाहुणा दिसला' असं कुणी म्हणालं की ऐकणारा आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, 'कुठे?'

कचेरीच्या कपाटात मात्र पाहुण्याचं नाव वेगळं होतं. तिथे एक जाडजूड वही होती, तिच्यावर लिहिलं होतं, 'जलमार्गातील अडथळे : इतर'. वाहत आलेले ओंडके, रिकामी पिंपं, तुटलेली जाळी आणि पाहुणा, सगळे एकाच वहीत. कुठल्याशा जुन्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं की बोटींच्या वाटेत मोठं काही तरंगताना दिसलं तर त्याची नोंद झाली पाहिजे, मग ते काहीही असो. ही वही कुणालाच नको होती. कुणाला नको असलेलं काम नव्या बाईच्या गळ्यात मारायचं ही कचेरीची रीत, आणि तेव्हा मावशी त्या टेबलावर नवी होती.

तिच्या आधीच्या कारकुनाने लिहिलेल्या नोंदी मी वाचल्या आहेत. 'एका इसमास सर्पसदृश काही दिसल्याचे समजते.' बस, एवढंच. मावशीचं म्हणणं असं की हे वाचून तिला तीन दिवस राग येत होता. कोण इसम? कुठे उभा होता? आणि समजते म्हणजे कुणाला समजते? माणूस कामधंदा सोडून, लोकांचं हसणं झेलून इथवर येतो आणि तुम्ही त्याला एका ओळीत वाटेला लावता? मावशी तशी शांत बाई, पण कामचुकारपणा दिसला की तिच्या नाकाचा शेंडा लाल होई.

मग तिने स्वतःची पद्धत बसवली. कचेरीतला एक जुना चहाचा ट्रे घेतला, त्याला निळा तैलरंग दिला, दोन्ही काठांच्या पांढऱ्या रेघा काढल्या, आपल्या बाजूचा धक्का आणि पलीकडचा धक्का दाखवला. एका डबीत कोटाची जुनी बटणं ठेवली. काळी बटणं म्हणजे बोटी आणि होड्या, तांबडं बटण म्हणजे खाडीच्या तोंडाशी खडकाची खूण म्हणून साखळीने बांधलेला तरंगता लाल बोया, आणि सुतळीचा वीतभर तुकडा म्हणजे पाहुणा. जो कुणी सांगायला येई त्याला ती बाकावर बसवायची, चहा पाजायची आणि ट्रे पुढे सरकवायची. 'तुम्ही कुठे होतात ते आधी ठेवा. मग तो कुठे होता ते ठेवा. मग आजूबाजूला जे जे दिसलं ते सगळं ठेवा.'

लाल बोया तिने ट्रेवर मुद्दाम रंगवला नव्हता. जो खरोखर डोळे उघडे ठेवून तिथे उभा असेल तो ते तांबडं बटण आपणहून उचलेल, असा तिचा हिशेब. 'पाहुणा खरा की खोटा ते मला नाही कळत,' ती म्हणायची. 'पण समोरच्याने किती पाहिलं ते मला कळतं.' ट्रे मांडून झाला की अकरा प्रश्न. ऊन कुठल्या अंगाला होतं, किती वेळ दिसला, चष्मा आहे का, होता तर डोळ्यांवर होता की खिशात. 'खरंच का हो?' हा प्रश्न त्या अकरांत नव्हता. शेवटी ती लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायची आणि सही घ्यायची.

लोक काय काय सांगत. एका बेकरीवाल्याने पाहुण्याची लांबी 'माझ्या दुकानापासून न्हाव्याच्या दारापर्यंत' अशी सांगितली. मावशी जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन गेली आणि रस्ता मोजून आली. साडेएकोणीस मीटर भरलं, ते तिने कंसात लिहिलं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना त्याच्या पापण्या दिसल्या होत्या. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या वारी आले आणि त्यांनी सुतळी ट्रेवर हुबेहूब एकाच जागी ठेवली. मावशीने त्यातल्या कुणालाच दुसऱ्याबद्दल सांगितलं नाही. मी असते तर त्याच संध्याकाळी दोघांच्या बायकांना गाठलं असतं, पण मी मावशी नाही.

हे मला सगळं माहीत असण्याचं कारण म्हणजे मीही त्याच कचेरीत लागले, आवक-जावक टेबलावर, मावशीच्या टेबलापासून चार पावलांवर. नोकरी मावशीच्या वशिल्याने लागली असं लोक म्हणत. मावशीने वशिला लावायचा म्हटला असता तर आधी वशिल्याचा अर्ज नीट भरून मागितला असता.

वहीचा एक नियम मात्र वाईट होता आणि तो मावशीने केलेला नव्हता. परवानाधारक कप्तानाने 'इतर अडथळा' नोंदवला, तर त्या नोंदीची एक प्रत वरच्या मजल्यावर परवाना विभागात जायची. तिथून त्या कप्तानाला डॉक्टरांपुढे उभं करत, डोकं आणि डोळे ठिकाणावर आहेत का पाहायला. फार पूर्वी असे दोघांचे परवाने गेले होते. तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावरच्या एकाही कप्तानाला पाहुणा दिसला नाही. दिवसभर पाण्यावर असणाऱ्या माणसांनाच तेवढा तो दिसत नसे, आणि त्यात माझे काकाही आले.

काका म्हणजे मावशीचे यजमान, फेरीबोटीचे कप्तान. या धक्क्यावरून त्या धक्क्यावर, पंधरा मिनिटांचं पाणी, दिवसाला बावीस खेपा, अठ्ठावीस वर्षं. कारखान्याचे कामगार, इस्पितळातल्या नर्सबाई, शाळेची पोरं, सगळ्यांना त्यांनी पलीकडे नेलं आणि परत आणलं. जमिनीवर हा माणूस निव्वळ ओझं होता. घरात स्टुलाला अडखळायचा, बाजारात हरवायचा, लग्नकार्यात कोपरा धरून बसायचा. पण सुकाणूचं चाक हातात आलं की खांदे सरळ. रजेच्या दिवशी काका तिकीट काढून स्वतःच्याच बोटीत प्रवासी म्हणून बसत आणि बदली कप्तानाच्या चुका मोजत. निवृत्तीला सोळा महिने उरले होते, आणि तो विषय घरात कुणी काढलेला त्यांना चालत नसे.

मावशीच्या वहीची ते यथेच्छ टिंगल करत. 'आज किती फणे निघाले?' हा त्यांचा रोजचा प्रश्न, जेवायला बसलं की. मावशी म्हणायची, 'तुम्ही एकदा येऊन सांगा, मग सांगते.' 'मला कशाला दिसेल? मी शुद्धीवर असतो,' असं म्हणून काका भात कालवायला लागत. मला त्या दोघांच्या घरी जेवायला फार आवडायचं. ती दोघं एकमेकांना इतकं छळत की तिसऱ्या माणसाला काही बोलावंच लागत नसे.

ती हिवाळ्यातली सकाळ होती. समुद्र सपाट, ऊन स्वच्छ. साडेदहाला शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या, गालांवर लाली, पर्स उघडीच. आठच्या, म्हणजे काकांच्याच, फेरीबोटीतून पलीकडून येताना त्यांना पाहुणा दिसला होता. नुसता त्यांनाच नव्हे, निम्म्या बोटीला. चित्रकलेच्या बाई त्या, ट्रे असा मांडला की बघत राहावं. मध्ये फेरीबोट. तिच्या उजव्या अंगाला सुतळी, तीन वेलांट्या देऊन. डाव्या अंगाला तांबडं बटण. आणि फेरीबोट व तांबडं बटण यांच्या मधोमध आणखी एक छोटं काळं बटण.

'हे काय?' मावशीने विचारलं.

'मच्छीमाराची होडी. आम्ही तिला अगदी घासून गेलो हो. कठड्यापाशी बायका ओरडल्या. पण इकडे पाहुणा, लक्ष कुणाचं असणार?'

मावशीने ते लिहिलं. मी माझ्या टेबलावरून पाहिलं, तिचं पेन जरासं थांबलं आणि पुन्हा चालू लागलं.

दुपारी बाराच्या सुमाराला त्या होडीचा मालकच आला. ओले बूट, हातात टोपी. त्यानेही पाहुणा पाहिला होता, त्याच जागी. मावशीने फेरीबोटीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'बाई, मी कप्तानाला दोष देत नाही. एवढं मोठं जनावर समोर आल्यावर माझ्याकडे कोण बघेल? वीतभर अंतर राहिलं, एवढंच. वाचलो.' आणि त्याने सही केली. मावशीचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तिने तेव्हा कुठे डबा उघडला.

तीन वाजता काका आले.

गणवेशात, टोपी काखेत. मला वाटलं किल्ली विसरले असतील. पण ते सरळ मावशीच्या टेबलासमोरच्या बाकावर जाऊन बसले, जिथे सगळे बसतात तिथे. म्हणाले, 'बाई, नोंद करायची आहे.'

मला हसू फुटणार होतं. इतक्या वर्षांची टिंगल आणि आता हे. शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहिला. मावशी हसली नाही. तिने त्यांच्यासाठी चहा सांगितला, नियमाप्रमाणे, आणि ट्रे पुढे सरकवला.

'नियम माहीत आहे ना? प्रत वर जाते.'

'माहीत आहे.'

काकांनी फेरीबोट ठेवली. सुतळी उजवीकडे ठेवली. डोकं कुठे होतं, पाठ किती वर आली, सगळं नीट सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. मला त्या क्षणी त्यांचा फार हेवा वाटला. मग ते थांबले आणि हात मांडीवर ठेवून बसले.

'आजूबाजूला आणखी काय काय होतं?' मावशी म्हणाली.

'एवढंच.'

ट्रेची डावी बाजू सगळी रिकामी होती. नुसता निळा रंग. बटणांची डबी काकांच्या समोर उघडी पडली होती आणि तांबडं बटण सगळ्यांत वर होतं. मला तेव्हाही कळलं नाही. मावशीला कळलं. मी तिची भाची, तिच्या नाकाचा शेंडा लाल होताना मी शंभर वेळा पाहिला होता, पण तिचा चेहरा असा पांढरा पडलेला कधी पाहिला नव्हता.

'होडी होती का एखादी?'

'असेल.'

'असेल नाही. दिसली का?'

'बायका ओरडल्या तेव्हा कळलं. त्याआधी दिसली नाही.'

'पाहुण्याकडे बघत होतात म्हणून?'

तिने तो प्रश्न ज्या आवाजात विचारला, तो आवाज कचेरीतला नव्हता. ती त्यांना हो म्हणा असं सांगत होती. काकांनी एकदा हो म्हटलं असतं तर होडीचं प्रकरण तरी तिथेच मिटत होतं. होडीवाल्याची साक्षही तशीच होती.

काकांनी ट्रेच्या रिकाम्या बाजूवर बोट ठेवलं. मग म्हणाले, 'बोयाही नाही दिसला. तो तर पाहुणा येण्याच्या आधी लागतो. अठ्ठावीस वर्षं तिथेच आहे. धक्क्याला लागल्यावर आठवलं, की आज तो मला लागलाच नाही.'

त्या बोटीत रोज सकाळी शाळेची ऐंशी पोरं असतात.

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. साहेब मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीचा त्रास नको असे. त्यांनी एका नजरेत सगळं ताडलं आणि हसत हसत मावशीला म्हणाले, 'अहो, राहू द्या. कप्तान थट्टा करतायत. सोळा महिने तर राहिले. घरचंच प्रकरण आहे, नोंद कशाला?' मग जरा वाकून, 'मी काही पाहिलं नाही, असं समजा.' आणि ते आत निघून गेले, दार लावून.

मावशीने पेन उचललं. तिने लिहिलं, नेहमीसारखं, गोल गोल अक्षरात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. मग मोठ्याने वाचून दाखवलं. 'डाव्या बाजूस होडी दिसली नाही. डाव्या बाजूस बोया दिसला नाही,' हे वाचताना ती एकदाच थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि तिने पुढे वाचलं. काकांनी सही केली. चहा तसाच राहिला होता, त्याच्यावर साय धरली होती.

त्याच संध्याकाळपासून बोटीवर बदली कप्तान आला. आठवड्याभरात डॉक्टरांनी काकांना तपासलं. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जवळजवळ गेलेली, उजव्याला सुरुवात. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधाने टिकेल, असं ते म्हणाले. परवाना रद्द झाल्याचं पत्र माझ्याच टेबलावरून गेलं. जावक क्रमांक मी घातला. मला त्या क्रमांकाचा अजूनही राग येतो.

आणि खरं सांगायचं तर मला मावशीचाही राग आला होता. भयंकर. मी आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलत होते. नवऱ्याला घरी नेऊन डॉक्टरकडे न्यायचं, आजारपणाची रजा टाकायला लावायची, चार मार्ग होते. सगळ्या कचेरीसमोर वाचून कशाला दाखवायचं? लोकही बोलत होते. शिपाई म्हणाला, 'बाईंनी वहीसाठी नवरा विकला.' मी त्याला तिथेच झापलं, पण मनातून मलाही तसंच काहीसं वाटत होतं, म्हणून जास्तच जोरात झापलं.

रविवारी मी भांडायचं ठरवूनच त्यांच्या घरी गेले. मावशी स्वयंपाकघरात होती. काका खिडकीपाशी बसून होते, डोळ्यांत औषध घातलेलं, मान मागे टाकून. गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, परत करायचा म्हणून. मी आत ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, 'काका, तिने लिहिलं नसतं तर काय बिघडलं असतं? साहेबांनी वाट मोकळी करून दिली होती.'

'आधी मला सांग,' काका तसेच वर बघत म्हणाले, 'मी तिकडे गेलोच कशाला?'

'पाहुणा दिसला म्हणून.'

'तो दिसला. शपथेवर सांगतो. पण तेवढ्यासाठी मी हिच्या बाकावर बसलो असतो होय? जन्मभर चिडवून घेतलं असतं हिने.' ते जरा हसले. 'डावीकडे गडबड आहे हे मला चार महिन्यांपासून कळत होतं. चौकटीला खांदा लागायचा, कप हाताशी असून दिसायचा नाही. रोज जेवताना ठरवायचो, आज सांगू. आणि रोज विचारायचो, किती फणे निघाले.'

'मग घरीच सांगायचं होतं ना.'

'घरी सांगितलं असतं तर हिने मला सांभाळून घेतलं असतं. रडली असती, भांडली असती, मी म्हटलं असतं, सोळाच महिने गं, जपून चालवतो. आणि तिने सकाळी डबा भरून दिला असता. मला माहीत आहे ना ती. माझ्या शब्दाबाहेर कधी गेली नाही या बाबतीत, बोट म्हणजे माझा जीव, हे तिला ठाऊक. मग एक दिवस त्या होडीवाल्यावर बोट घातली असती आम्ही, दोघांनी मिळून.' त्यांनी डोळे पुसले, औषध होतं की काय होतं कोण जाणे. 'म्हणून तिच्या टेबलावर गेलो. तिथे ती कुणाला सांभाळून घेत नाही. तिथे ती कुणाची बायको नसते.'

एवढ्यात मावशी हात पुसत दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या नाकाचा शेंडा लाल होता.

'कोण म्हणतं नसते?' ती म्हणाली. 'मी तिथे नुसती कारकून असते ना, तर साहेबांनी सांगितल्यावर पेन खाली ठेवलं असतं आणि पान कोरं सोडलं असतं. इतकी वर्षं कचेरीत कारकून तेच करताना बघतेय. तुमचं पान भरलं ते बायकोने भरलं.'

काका तिच्याकडे वळायला गेले, पण ती त्यांच्या डावीकडे उभी होती. त्यांना खुर्ची पूर्ण फिरवावी लागली, आणि ती त्यांना सापडेपर्यंत मावशी तिथेच उभी राहिली.